सांगोडाच्या फळ्या

आमच्या घराच्या पडवीत, कौलांखालच्या दोन वाशांवर, अकरा फळ्या ठेवलेल्या असतात. वर्षातून एकच दिवस त्या पाण्यावर जातात. एरवी त्या घरच्याच. लग्नाची पंगत असली की विटांवर मांडून त्यांचे बाक होतात. देवळासमोर नाटक असले की कुणीतरी दोन फळ्या मागून नेतो आणि आठ दिवसांनी, चुन्याचे डाग पाडून, परत आणतो. आई होती तोवर मे महिन्यात त्यांच्यावर कोकमाची सोले सुकत. अजूनही एका फळीच्या कडेला जांभळट झाक आहे. ती गेल्या कित्येक पावसाळ्यांनी पुसलेली नाही.

त्यांचा खरा दिवस सांगोडाचा.

आमचे घर कुंभारजुव्याच्या कालव्याकाठी आहे. कालवा म्हटले की देशावरच्या माणसाला शेताकडे जाणारा सरळ, शिस्तीचा पाट आठवतो. हा तसला नव्हे. मांडवी आणि जुवारी या गोव्याच्या दोन मोठ्या नद्यांना जोडणारी ही पंधरा-सतरा किलोमीटरांची वाकडीतिकडी वाट आहे. दोन्हीकडून तिच्यात भरती चढते आणि दोन्हीकडे ओहोटी उतरते. उन्हाळ्यात तिचे पाणी खारट. आषाढ-श्रावणात मात्र डोंगरांचे पाणी उतरून ते जवळजवळ गोडे होते. काठच्या चिखलावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा आडवा येतो. त्यामुळे त्या दिवसांत खनिज वाहणाऱ्या बार्जी आमच्या दारावरून जुवारीत उतरून मुरगाव बंदराकडे जात. बार्ज गेली की तिची लाट आमच्या पायरीवर दोनदा आपटायची. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा पहिले काही दिवस आम्हाला झोप लागेना, इतकी शांतता झाली. २०१६ सालच्या कायद्याने या वाटेला राष्ट्रीय जलमार्गाचा सत्ताविसावा क्रमांक मिळाला. गावाला त्याचा पत्ताही नाही. गावाच्या लेखी ती सांगोडाची वाट आहे.

गणेशचतुर्थीच्या सातव्या दिवशी कुंभारजुव्याला सांगोड निघतात. दोन होड्या शेजारी शेजारी ठेवायच्या, त्यांच्यावर आडवे वासे बांधायचे, वाशांवर फळ्या अंथरायच्या, की तरंगती रंगभूमी तयार झाली. तिच्यावर पुराणातले प्रसंग उभे करायचे आणि गणपतीच्या संगतीने कालव्यातून फिरायचे. काठावर हजारो माणसे उभी असतात. मी मॅट्रिक होऊन, चित्रकलेची परीक्षा देऊन एका खाजगी शाळेत चित्रकलेचा शिक्षक झालो. त्यामुळे आमच्या वाड्याच्या सांगोडाची सजावट आपोआप माझ्याकडे आली. पुढे चार कादंबऱ्या लिहिल्या. पण गावात माझी कीर्ती आहे ती सांगोडाचा रंगारी म्हणून. ती मला कादंबऱ्यांपेक्षा जास्त आवडते, हे आज कबूल करून टाकतो.

फळ्या बाबांच्या. १९८६ सालच्या पावसाळ्यात त्यांनी त्या सागाच्या करून घेतल्या. साल लक्षात राहायला कारण आहे. त्या वर्षी ५ जुलैला पणजीचा नेहरू पूल कोसळला. मी सहा वर्षांचा होतो. माणसे पुन्हा फेरीबोटीतून मांडवी ओलांडू लागली आणि घरोघरी दुसरा विषय नव्हता. बाबा म्हणाले होते, "पुलाचं आपल्या हातात नाही. फळ्यांचं आहे." आणि जुन्या आंब्याच्या फळ्या चुलीत घालून त्यांनी सागाच्या घडवल्या. दरवर्षी सांगोड झाला की ते फळ्या धूत, सावलीत वाळवत आणि कसलेसे काळे तेल चोळत. तेलाला उग्र वास यायचा. मला त्या फळ्या फार काळ्या, फार उदास वाटत. बाबा गेल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी मी त्यांना पांढऱ्या ऑइलपेंटचा हात दिला आणि कडेने कमळांची वेल काढली. सगळ्यांनी वाहवा केली. तेव्हापासून दर श्रावणात मी जुन्या रंगावर नवा रंग चढवीत आलो.

आता २०२३ सालच्या श्रावणाकडे येतो. मागच्या वर्षभर मी इथे यायचे टाळीत होतो.

त्या वर्षी प्रसंग ठरला होता कालियामर्दनाचा. पुठ्ठ्याची फणा मीच केली होती, आणि कृष्ण होणार होता माझ्याच वर्गातला, आठवीतला एक मुलगा. फळ्या पडवीत उतरवून मी रंगवायला बसलो. नाळेकडून चौथी फळी रंगवताना हातातला ब्रश उलटा धरून मी रंगाची एक गाठ खरवडली, तर ब्रशाच्या दांड्याचे टोक आत गेले. लोण्यात जावे तसे नव्हे. पण सागात जाऊ नये तसे. दोन बोटे तरी गेले असेल. मी ते काढले, भोकाकडे पाहिले, फळी उलटून बघावी असे मनात आले. पण बाकीच्या फळ्या ओल्या होत्या, चतुर्थी चार दिवसांवर आली होती आणि शाळेचे पेपर तपासायचे राहिले होते. मी भोकात लांबी भरली, ती वाळल्यावर काचकागदाने घासली आणि वर एक कमळ काढले. सबंध वेलीत ते कमळ सर्वांत चांगले वठले होते.

सांगोडाच्या आदल्या संध्याकाळी आमच्या पायरीशी होड्या बांधल्या, फळ्या अंथरल्या आणि मुलांची तालीम सुरू झाली. फणेवर चढण्याआधी कृष्णाने तीनदा पाय आपटायचा, असे मीच बसवले होते. दुसऱ्या ठेक्याला फळी मोडली. आवाज फार मोठा झाला नाही. मुलगा मांडीपर्यंत खाली गेला. त्याचा पाय दोन होड्यांच्या मधल्या फटीत, पाण्यात लोंबू लागला आणि मोडक्या फळीचे टोक मांडीत घुसले. दोन्ही होड्या लाटेबरोबर जवळ येत होत्या, दूर जात होत्या. "पाय वर घे, पाय वर घे," असे काठावरून कुणीतरी ओरडत होते. कशाच्या भीतीने, ते सांगायची गरज नव्हती. ज्या पाण्यात मगर असते त्या पाण्याकाठी माणसे तिचे नाव वेळीअवेळी घेत नाहीत. होड्या दोरांनी ताणून धरल्या आणि दोघांनी त्याला वर काढला. सात टाके पडले. हाड वाचले. पाय आज धड आहे, हे वाचकाला आधीच सांगून ठेवतो.

रात्री त्याची आई आमच्याकडे आली. ती काजूच्या कारखान्यात कामाला जाते. बाई भांडायला आली नव्हती. तिने विचारले, "मास्तर, फळी कशी मोडली?"

मी म्हणालो, "जुनी होती."

ती थोडा वेळ उभी राहिली. मग "बरं" म्हणून निघून गेली.

फळी जुनी होती, यात खोटे काहीच नव्हते. सदतीस वर्षांची होती. पण तिने विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते. कादंबरीकाराला ही विद्या चांगली अवगत असते. एखादे प्रकरण आतून पोकळ आहे हे त्याला कळलेले असते. मग तो तिथे पावसाचे एक वर्णन घालतो आणि वाचक पुढे सरकतो. वाचकाचा पाय मात्र त्यात अडकत नाही.

मुलगा दिवाळीनंतर शाळेत आला. थोडा लंगडत होता. मला पाहून नेहमीसारखाच हसला. त्याच्या आईला मी वर्षभर टाळले. बाजारात ती समोरून दिसली की मला तिखट-मीठ घ्यायची आठवण होई आणि मी दुकानात शिरे.

२०२४ च्या एप्रिलमध्ये मी मेस्तकाकांना बोलावले. आमच्या भागात सुताराला मेस्त म्हणतात. सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ बाबांच्या फळ्या घडवणाऱ्याचे मुलगे. हल्ली त्यांच्या घरची पोरे प्लायवुडची कपाटे करतात. काका अंगणात बसून त्यांची हत्यारे लावून देतात. मी त्यांच्यापुढे दहा फळ्या ओळीने मांडल्या आणि मोडलेली अकरावी कडेला ठेवली. पांढरा रंग, कमळांची वेल. काकांनी वरून एक नजर टाकली आणि एवढेच म्हणाले, "सकयल्यान पळयात." खालून बघा.

आम्ही दोघांनी एकेक फळी उलटी केली. खालच्या अंगाला मी कधी रंग दिला नव्हता; तिथे कोण बघणार? काकांनी वाकसाच्या तुंब्याने प्रत्येक फळी टोकापासून टोकापर्यंत ठोकली. चांगल्या जागी टणत्कार होई, वाईट जागी मडक्यावर ओला हात मारावा तसा आवाज. जिथे शंका, तिथे ते लोखंडी टोच्या रोवून बघत. खडूने खुणा झाल्या. बहुतेक खुणा टोकांकडे होत्या.

"खाऱ्या पाण्यानं हे होत नाही," काका म्हणाले. "खाऱ्या पाण्यात लाकूड मुरतं. कुजवतं ते गोडं पाणी. फळ्या ठेवता कुठे?"

मी पडवीतले वासे दाखवले. काकांनी वर पाहिले. एक कौल सरकलेले होते. त्यातून येणारी पावसाची धार भिंतीकडच्या टोकांवर पडत होती, आणि ती किती वर्षांपासून, ते मला सांगता येईना.

मग त्यांनी मला जे समजावले ते मी वर्गात मुलांना सांगतो तसे सांगतो. लाकूड पूर्ण कोरडे असले तर कुजत नाही, आणि पूर्ण पाण्याखाली असले तरी सहसा कुजत नाही. ओल आणि हवा दोन्ही मिळाली की त्यात बुरशी शिरते. फळीच्या टोकाला लाकडाच्या नळ्या उघड्या असतात. तिथून पाणी आत ओढले जाते. ते पुन्हा वाळून बाहेर गेले तर काही बिघडत नाही. पण वरून पेंटचा जाड थर असेल, तर आत शिरलेल्या पाण्याला बाहेरची वाट सापडत नाही. पाणी आतच कोंडते. म्हणजे मी दर श्रावणात मोठ्या कौतुकाने जो रंग चढवीत होतो, तो फळ्यांचे रक्षण करीत नव्हता. तो त्यांची ओल जपून ठेवीत होता.

एका फळीच्या मधोमध पायांनी झिजून खळगा पडला होता. मी म्हणालो, "ही तर गेलीच." काकांनी ती ठोकली. टणटण वाजली.

"ही का गेली? ही झिजलीय. झिजणं वेगळं, कुजणं वेगळं. झिजलेली फळी तुम्हाला दिसते, तुम्ही पाय जपून टाकता. ही अजून वीस वर्षं जाईल."

अकरांपैकी चार धड निघाल्या. तिघींची टोके कापून त्यांचा मधल्या चौथऱ्यासाठी उपयोग होणार होता. चार पूर्ण गेल्या. सात नव्या फळ्या हव्या होत्या. लाकूड घरचेच होते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात मागच्या अंगणातला फणस पडला होता. त्याच्या कापून आणलेल्या फळ्या, मध्ये पट्ट्या घालून, तीन वर्षे गोठ्यात रचून ठेवल्या होत्या. हवा खेळती राहून त्या सुकल्या होत्या. जे मला लाकडाच्या वखारीतल्या पोऱ्याने सहज सांगितले म्हणून मी फणसासाठी केले, ते बाबांच्या सागासाठी करायचे मला सुचले नव्हते.

आठ दिवस काका येत होते. मी रंगारी होतो, आता हाताखालचा गडी झालो. प्रत्येक फळीच्या टोकाशी ते वाकून बघत. तिथे झाडाच्या वयाची वळी दिसतात. वळ्यांची पाठ कुठल्या अंगाला आहे ते पाहून, गाभ्याकडची बाजू वर येईल अशी ते खूण करीत. फळी वाळते तेव्हा तिची वळी सरळ व्हायला बघतात आणि फळी वाकते. गाभ्याची बाजू वर असली की तिला मध्ये बारीकसा उंचवटा येतो आणि पाणी कडेने निघून जाते. उलटी ठेवली तर तिची ताटली होते आणि पाणी साचते. दोन फळ्यांमध्ये त्यांनी रुपयाची दोन नाणी मावतील एवढी फट ठेवली, कारण भाद्रपदात त्या फुगणार. टोके त्यांनी रंध्याने गोल केली, म्हणजे अनवाणी पायाला लागू नयेत.

मी खिळे आणून ठेवले होते. ते त्यांनी बाजूला सारले. खिळ्याचा लोखंडी गंज भोवतीचे लाकूड खातो, हे एक. दुसरे असे की सांगोडाच्या दोन होड्या एका लाटेवर एकदम वर चढत नाहीत; एक आधी, एक मागून. खिळ्यांनी जखडलेली फळी अशा ओढाताणीत चिरते. काथ्याच्या दोरीने बांधलेली फळी किंचित हलते आणि टिकते. आपल्या किनाऱ्यावर पूर्वी सबंध जहाजे काथ्याने शिवीत, हे मी पुस्तकात वाचले होते. पुस्तकातले ज्ञान दोरीच्या गाठीत कसे दिसते, ते आता पाहिले. काकांनी प्रत्येक फळीला चार भोके पाडली आणि त्यांच्या कडा घासून दिल्या, म्हणजे दोरी कापली जाणार नाही.

शेवटी प्रश्न आला तेलाचा. "रंग नको," काका म्हणाले. "तुमचे बाबा लावायचे ते लावा. काजूच्या टरफलाचं तेल. बुरशी, वाळवी, काही जवळ येत नाही." बाबांच्या त्या उग्र वासाच्या तेलाचे नाव मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळले. मग काका सहज म्हणाले, "कारखान्यातून मिळेल. ती कृष्णाची आई तिथेच जाते ना?"

दोन दिवस मी दुसरीकडे तेल मिळते का ते बघत हिंडलो. पणजीच्या दुकानात डबाबंद पॉलिशे मिळाली, हे तेल मिळाले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रिकामा डबा घेऊन तिच्या दाराशी उभा राहिलो. ती नुकतीच कामावरून आली होती. काजू सोलून तिच्या बोटांची टोके काळी पडलेली होती. मी तेलाचे विचारले. ती म्हणाली, सांगून बघते. काम झाले होते. मी निघू शकलो असतो.

मी म्हणालो, "त्या दिवशी मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. फळी कुजलेली होती, ते मला ठाऊक होतं. भोक पडलं होतं. मी ते बुजवून वर रंग दिला."

तिने माझ्याकडे पाहिले नाही. दारातल्या दगडी पायरीवर बसून ती पाय धूत होती, ते धूत राहिली. तांब्या रिकामा झाला. मग तिने विचारले, "त्याला ठाऊक आहे?"

"नाही."

"त्याला सांगा. पाय त्याचा होता."

दुसऱ्या दिवशी, शाळा सुटल्यावर, चित्रकलेच्या वर्गात मी त्याला थांबवून घेतले आणि सांगितले. पंधरा वर्षांच्या मुलापुढे एवढे बोलायला मला किती वेळ लागला ते लिहीत नाही. त्याने सगळे ऐकून घेतले. या वेळी तो हसला नाही. दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करीत म्हणाला, "मला वाटलं होतं, मीच पाय जोरात आपटला." एवढे बोलून तो गेला. वर्षभर ते ओझे तो वाहत होता आणि ते माझे होते, हे मला त्याच्या त्या एका वाक्यावरून कळले.

पुढच्या रविवारी तेलाचा डबा त्यानेच आणून दिला. आईचा निरोप होता: हाताला फडके गुंडाळून लावा, नाहीतर फोड येतात. तरी मला फोड आले. रंगाऱ्याचा हात असले तेल ओळखत नव्हता.

त्या वर्षीचा सांगोड १३ सप्टेंबरला निघाला. मुलांना वर चढू देण्याआधी मी दोन होड्यांपैकी एकीत उताणा झोपलो आणि खालून एकेक फळी ठोकली. काठावरच्या बायका हसत होत्या. तो मुलगा वर्षात हातभर उंच झाला होता. कृष्ण व्हायचे वय गेले होते. त्याने मागच्या बाजूला उभे राहून बांबूने होडी रेटायचे काम मागून घेतले. त्याची आई काठावर होती. होड्या सुटल्या तेव्हा ती मुलाच्या चेहऱ्याकडे नव्हे, त्याच्या पायांकडे बघत होती. वळण येईपर्यंत ती तशीच बघत राहिली. मीही तिकडेच बघत होतो.

फळ्या काळ्याच होत्या. चार जुन्या, सात नव्या. तेलाने सगळ्या एकसारख्या दिसत होत्या. सजावट यंदा फिकी पडली, असे दोघा-तिघांनी मला सांगितले. ते खरे आहे.

आता फळ्या पुन्हा पडवीत आहेत. कौल बदलले आहे. दोन-दोन फळ्यांमध्ये पट्ट्या घातल्या आहेत, आणि मी त्या उलट्या ठेवतो: खालची बाजू वर. येता-जाता ती नजरेस पडते.